वस्तऱ्याची कटकट संपवणाऱ्या जिलेटला खरं तर एक शहर उभं करायचं होतं

घरच्या घरी वस्तऱ्याने दाढी करणारी पोरं तुम्ही रील्सवर बघितली असतील. वाटीत घुसळलेला साबणाचा फेस, पट्ट्यावर सटासट फिरणारं पातं आणि मग स्लो मोशनमध्ये गालावरून खाली येणारा वस्तरा. बघून वाटतंच, आपणही एक घ्यावा.

पण नुसता वस्तरा घेऊन भागत नाही. सुरुवातीला साधारण ५/८ इंच रुंदीचं, टोकाला गोलाई असलेलं पातं घ्यावं, म्हणजे टोक गालात घुसत नाही. ते आधीच दाढीलायक धार लावून मिळालं तर उत्तम, कारण कारखान्यातून आलेली धार बऱ्याचदा चेहऱ्यावर चालण्याइतकी नसते. सोबत ब्रश आणि साबण लागतो. आणि चामड्याचा पट्टा हवाच, तोही आधी स्वस्तातला, कारण शिकताना तो चार ठिकाणी कापला जाणार हे ठरलेलं.

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. पट्ट्यावर पातं फिरवणं म्हणजे धार लावणं नव्हे. दाढी करताना पात्याची कड अगदी सूक्ष्म पातळीवर वाकडीतिकडी होते, ती पट्ट्यावर सरळ होते. म्हणून पट्टा दर दाढीच्या आधी लागतो. पातं खरंच बोथट झालं की मात्र पट्टा कामाचा नाही. मग दगडावर, म्हणजे निसण्यावर घासून नवी कड काढावी लागते. हे काम काही महिन्यांतून एकदाच येतं, पण त्याला हात बसलेला लागतो. म्हणून नवख्या माणसाने दगडाच्या भानगडीत लगेच पडू नये, जाणकाराकडून धार लावून घ्यावी.

१३० वर्षांपूर्वी नेमक्या याच दगडाला एक माणूस वैतागला होता. त्याचं नाव किंग कॅम्प जिलेट.

किंग ही पदवी नाही, खरंच नाव आहे. जन्म ५ जानेवारी १८५५, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या फाँड डू लॅक गावचा. पुढे कुटुंब शिकागोला गेलं. १८७१ मध्ये शिकागोला लागलेल्या प्रचंड आगीत शहराचा मोठा भाग जळून गेला, त्यात जिलेट कुटुंबाचंही होतं नव्हतं ते गेलं. पोरगा १६ वर्षांचा. शिक्षण बाजूला राहिलं आणि तो गावोगाव फिरून माल विकणारा सेल्समन झाला. घर मात्र डोकेबाज होतं. आई फॅनीचं पाककृतींचं पुस्तक, 'व्हाइट हाउस कुकबुक', १८८७ मध्ये आलं आणि अमेरिकेत घराघरात पोहोचलं.

जिलेट पुढची बरीच वर्षं सेल्समनच राहिला. छोटे मोठे शोध लावायचा, पेटंट घ्यायचा, पैसे काही मिळायचे नाहीत. मग त्याला क्राउन कॉर्क अँड सील या कंपनीत नोकरी लागली. सोड्याच्या बाटलीला असतं ना, कडेला चुण्या असलेलं पत्र्याचं बूच, ते या कंपनीचं. ते शोधणारे विल्यम पेंटर जिलेटच्या ओळखीचे झाले. त्यांनी त्याला सल्ला दिला की लोक एकदा वापरून फेकतील आणि पुन्हा विकत घ्यायला येतील, असं काहीतरी शोधून काढ. बूच उघडलं की फेकलं, पुन्हा नवं बूच. पेंटर यांचा सगळा धंदा त्यावर उभा होता.

जिलेटने हे डोक्यात घेतलं. लोक रोज काय काय वापरतात, त्याचा विचार करत तो फिरायचा. आणि १८९५ मध्ये बोस्टनजवळच्या ब्रुकलाइनमध्ये, दाढी करायला आरशासमोर उभा असताना, त्याच्या हातातलं पातं पट्ट्यानेही सुधारणार नाही इतकं बोथट झालेलं त्याला दिसलं. आता ते धार लावायला कुणाकडे तरी द्यावं लागणार. तिथेच त्याच्या मनात आलं की आपल्याला लागते ती फक्त कड. त्या कडेसाठी एवढं जाड, घडवलेलं पोलाद कशाला? पातळ पत्र्याच्या दोन बाजूंना धार लावू, दांडीत अडकवू, बोथट झालं की फेकून देऊ.

आता एक गैरसमज दूर करू. सेफ्टी रेझर जिलेटने शोधला नाही. पात्यासमोर आडोसा असलेले रेझर आधीपासून होते. न्यूयॉर्कच्या कॅम्फे बंधूंनी तर १८८० मध्येच त्याचं पेटंट घेतलं होतं. पण त्यातलं पातं जाडच होतं, म्हणजे पट्टा आणि दगड काही सुटत नव्हता. जिलेटने रेझर सुरक्षित केला म्हणण्यापेक्षा दाढीतून दगड काढून टाकला, असं म्हणायला हवं.

त्या दिवशी तो थेट बोस्टनच्या एका हार्डवेअरच्या दुकानात गेला. त्याने काय घेतलं? पितळेचे तुकडे, घड्याळाच्या स्प्रिंगसाठी वापरतात ती स्टीलची पट्टी, एक छोटा हातशिकंजा आणि काही कानशी. जगातल्या एका मोठ्या धंद्याची सुरुवातीची खरेदी एवढीच! बायको तेव्हा ओहायोला गेली होती. तिला त्याने पत्रातून कळवलं की आपलं नशीब उघडलं.

उघडायला आठ वर्षं लागली. अडचण पोलादाची होती. पातं धार धरेल इतकं कडक करायचं तर ते तापवून थंड करावं लागतं आणि पातळ पत्रा त्यात वेडावाकडा होतो. ज्या जाणकारांना विचारलं त्यांनी सांगितलं की हे होणार नाही. जिलेटला धातूंचं शिक्षण नव्हतं. त्याने नंतर कबूल केलं की ते असतं तर त्यानेही नाद सोडला असता. शेवटी एमआयटीत शिकलेला विल्यम निकरसन हा इंजिनिअर सापडला. पातळ पोलाद कडक करायची आणि त्याला मशिनवर धार लावायची रीत त्याने बसवली. नाव जिलेटचं झालं, पण निकरसन नसता तर ही कल्पना हार्डवेअरच्या पिशवीतच राहिली असती, असं मला तरी वाटतं.

सप्टेंबर १९०१ मध्ये कंपनी निघाली, बोस्टनच्या धक्क्याजवळ, मासळीच्या दुकानाच्या वर. १९०३ मध्ये विक्री सुरू झाली. वर्षभरात विकले गेले ५१ रेझर आणि १६८ पाती. पुढच्याच वर्षी ९० हजारांहून जास्त रेझर खपले. १५ नोव्हेंबर १९०४ ला पेटंट मिळालं.

जिलेटबद्दलची एक गोष्ट मोटिवेशनल पोस्टमध्ये तुम्ही नक्की वाचली असेल. रेझर फुकटाच्या भावात द्या आणि ब्लेडवर आयुष्यभर कमवा, हा म्हणे त्याचा मंत्र. ऐकायला भारी आहे, पण त्याच्या कंपनीने सुरुवातीची जवळपास १७ वर्षं नेमकं उलट केलं. रेझरची किंमत होती ५ डॉलर. साध्या कामगाराच्या आठवड्याच्या पगारातला मोठा लचका जाईल एवढी! पेटंट हातात असेपर्यंत रेझर महागच ठेवला. १९२१ मध्ये पेटंट संपत आलं, आता कोणीही तसाच रेझर काढणार हे दिसलं, तेव्हा कंपनीने सुधारलेलं मॉडेल ५ डॉलरला आणलं आणि जुनं मॉडेल १ डॉलरला सोडलं. म्हणजे स्वस्त रेझर हा मास्टरप्लॅन नव्हता. स्पर्धा दारात आल्यावर घ्यावा लागलेला निर्णय होता तो.

वस्तऱ्याची सवय मोडली ती मात्र युद्धाने. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने सैनिकांसाठी ३५ लाख रेझर आणि ३ कोटींहून जास्त पाती घेतली. खंदकात दगड आणि पट्टा घेऊन कोण बसणार? घरी परतलेल्या त्या पोरांनी पुन्हा वस्तऱ्याला हात लावला नाही.

त्याच दोनधारी पात्याची भावंडं आपल्याकडेही आहेत. सलूनमध्ये बसल्यावर दादा कागदात गुंडाळलेलं ब्लेड काढतात, मधोमध कटकन मोडतात आणि अर्धं ब्लेड वस्तऱ्यात सरकवतात. पूर्वी धोकटीत अख्खा वस्तरा, निसणा आणि चामडं असायचं. रक्तातून पसरणाऱ्या आजारांची भीती वाढली, तसं प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं पातं आलं. वस्तऱ्याचा आकार राहिला, धार जिलेटच्या पद्धतीची आली. नवख्यांना खरं तर हाच वस्तरा परवडतो. दगड नको, पट्टा नको, फक्त हात हलका हवा.

आता जिलेटची दुसरी बाजू. हा माणूस मनातून स्पर्धेच्या विरोधात होता. रेझर सुचायच्या एक वर्ष आधी, १८९४ मध्ये, त्याने 'द ह्यूमन ड्रिफ्ट' नावाचं पुस्तक लिहिलं होतं. एकाच वस्तूसाठी दहा कारखाने, शंभर दुकानं आणि हजार सेल्समन हा सगळा माणसांच्या कष्टाचा नासाडा आहे, असं त्याचं म्हणणं. स्वतः आयुष्यभर सेल्समन म्हणून फिरलेला माणूस हे लिहीत होता, त्यामुळे त्याला हवेत बोलणारा म्हणता येत नाही. त्याचा उपाय मात्र अचाट होता. सगळे उद्योग मिळून एकच कंपनी, मालक सगळी जनता. आणि नायगारा धबधब्याच्या विजेवर चालणारं 'मेट्रोपोलिस' नावाचं एकच महाकाय शहर, मधाच्या पोळ्यासारख्या मांडणीतल्या उंच इमारतींचं. त्यात राहणार ६ कोटी माणसं. तेव्हा अख्ख्या अमेरिकेची लोकसंख्या त्याच्याच आसपास होती.

गंमत बघा, पैसा आला तरी त्याने हे सोडलं नाही. १९१० मध्ये त्याने ॲरिझोनात 'वर्ल्ड कॉर्पोरेशन' स्थापन केली आणि माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना अध्यक्ष होण्यासाठी १० लाख डॉलर देऊ केले. रूझवेल्ट यांनी नकार दिला. १९२४ मध्ये पुन्हा त्याच विषयावर पुस्तक आलं. वाचकांनी फारशी दखल घेतली नाही. लोकांना त्याचं पातं हवं होतं, शहर नको होतं.

इकडे स्वतःच्या कंपनीतही त्याची पकड सुटत गेली. सुरुवातीला पैसा घातलेला बोस्टनचा उद्योजक जॉन जॉइस याच्याशी त्याची सत्तेवरून ओढाताण चालायची. १९१० च्या सुमारास जिलेटने आपला बराचसा हिस्सा त्यालाच विकला. अध्यक्षपद नावापुरतं राहिलं. पात्यांच्या कागदावर त्याचा मिशीवाला फोटो छापला जायचा, त्यामुळे जगभर लोक चेहऱ्याने ओळखायचे, पण निर्णय दुसरेच घ्यायचे. तो कॅलिफोर्नियाला गेला, जमिनी घेतल्या, कॅलाबासासमध्ये मोठं रँच बांधलं.

मग आली १९२९ ची मंदी. त्याच सुमारास कंपनी पात्याच्या पेटंटवरून हेन्री गेइस्मन याच्याशी भांडत होती. गेइस्मनच्या कंपनीचं नाव ऑटोस्ट्रॉप. तिच्या रेझरमधून पट्टा आरपार ओढता यायचा, म्हणजे पातं न काढता पट्ट्यावर फिरायचं. जिलेटने जो पट्टा दाढीतून घालवला, तोच विकून मोठी झालेली कंपनी! १९३० मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या. हिशेब तपासताना जिलेट कंपनीने नफा वर्षानुवर्षं फुगवून दाखवल्याचं उघड झालं, शेअर आपटला आणि सूत्रं गेइस्मनकडे गेली. १९३१ मध्ये जिलेटने अध्यक्षपदही सोडलं.

शेअर आणि जमीन, दोन्हीचे भाव पडले होते आणि त्याची जवळपास सगळी संपत्ती त्यातच अडकलेली होती. ९ जुलै १९३२ ला लॉस एंजेलिसमध्ये तो वारला, तेव्हा हातात फार काही उरलं नव्हतं. कॅलाबासासचं ते रँच पुढे इतरांच्या हातात गेलं. आता ते 'किंग जिलेट रँच' याच नावाने सार्वजनिक पार्क आहे आणि लोक तिथे फिरायला, पक्षी बघायला जातात.