पावलांनी देश मोजणारे मास्तर : पंडित नैनसिंह रावत



दरवर्षी बारावीचा निकाल लागला की काही पालक आमच्याकडे सल्ल्याला येतात. मुलाला किंवा मुलीला महाविद्यालयात भूगोल घ्यायचा असतो आणि घरी ते कुणाला पटत नसते. भूगोल घेऊन फार तर शाळेत मास्तर होता येईल, अशी सर्वांची समजूत असते. खरे सांगायचे तर काही वर्षांपूर्वी आम्हीसुद्धा एका हुशार विद्यार्थिनीला भूगोल सोडून दुसरा विषय घे, असे सुचवले होते. तिने आमचे ऐकले. आज ते आठवले की मनाला लागते. म्हणून या अंकात आम्ही एका शाळामास्तरांचेच चरित्र सांगणार आहोत. त्यांचे नाव पंडित नैनसिंह रावत.

नैनसिंहांचा जन्म 1830 साली कुमाऊंच्या जोहार खोऱ्यातील मिलम या गावी झाला. आज हे गाव उत्तराखंडात आहे. हिमालयात खूप उंचावर वसलेल्या या गावातील लोक पिढ्यान्‌पिढ्या घाट ओलांडून तिबेटशी व्यापार करीत. त्यामुळे नैनसिंहांना तिबेटी भाषा, तिथले रीतिरिवाज आणि डोंगरातल्या वाटा लहानपणापासूनच माहीत होत्या. घरची परिस्थिती मात्र बेताची होती आणि व्यापारातही त्यांना फारसे यश आले नाही.

1855 साली जर्मनीचे श्लागिन्टवाइट बंधू हिमालयाच्या अभ्यासासाठी आले. त्यांच्याबरोबर नैनसिंहांनी काम केले आणि तिथेच मोजमापाची उपकरणे प्रथम हाताळली. पुढे ते मिलमच्या सरकारी शाळेत शिक्षक झाले. त्यांना सगळे पंडित म्हणत ते यामुळेच. त्या भागात पंडित म्हणजे मास्तर.

त्या काळी भारताचे सर्वेक्षण मोठ्या प्रमाणावर चालू होते, पण हिमालयापलीकडील तिबेटचा नकाशा जवळजवळ कोरा होता. युरोपियन माणसांना तिथे प्रवेश नव्हता. तेव्हा सर्वेक्षण खात्यातील कॅप्टन माँटगोमेरी यांनी असा विचार केला की, सरहद्दीवरील जाणकार माणसांना शिकवून पाठवावे. 1863 साली नैनसिंह आणि त्यांचे चुलत भाऊ मानीसिंह यांना देहरादूनला बोलावण्यात आले. वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी मास्तर पुन्हा विद्यार्थी झाले. सुमारे दोन वर्षे त्यांचे शिक्षण चालले.

मुलांनो, ते काय शिकले हे नीट वाचा. सर्वांत आधी ते चालायला शिकले! चढ असो वा उतार, प्रत्येक पाऊल सारख्याच लांबीचे पडले पाहिजे. अडीच फुटांहून थोडे जास्त असे ते पाऊल होते. 2000 पावले झाली की 1 मैल. मोजणी चुकू नये म्हणून हातात जपमाळ असे, पण नेहमीच्या 108 मण्यांऐवजी तिच्यात 100 मणी होते. 100 पावलांना एक मणी ओढायचा. माळ पूर्ण झाली की 10,000 पावले, म्हणजे 5 मैल. हातातल्या प्रार्थनाचक्रात मंत्रांच्या जागी नोंदींचे कागद आणि होकायंत्र लपवलेले असे. पाहणाऱ्याला वाटावे की कुणी भाविक जप करीत चालला आहे.

उंची मोजायला तापमापक होता. जसजसे आपण वर जातो तसतसे पाणी कमी तापमानाला उकळते. समुद्रसपाटीला 100 अंशांना उकळणारे पाणी ल्हासाला सुमारे 88 अंशांनाच उकळते. या फरकावरून उंची काढता येते. अक्षांश काढण्यासाठी पेटीच्या चोरकप्प्यात सेक्स्टंट होता. कवड्यांत पारा भरून नेलेला असे. तो वाडग्यात ओतला की अगदी समपातळीचा आरसा तयार होई आणि त्यात तारे बघून मोजमाप करता येई.

1865 साली दोघे भाऊ निघाले. नेपाळमधून पुढचा मार्ग मिळेना, तेव्हा मानीसिंह परतले आणि नैनसिंह वेश बदलून व्यापाऱ्यांबरोबर एकटेच पुढे गेले. जानेवारी 1866 मध्ये ते ल्हासाला पोहोचले. तिथे जवळचे पैसे संपले. तेव्हा त्यांनी आपला जुना पेशाच धरला आणि नेपाळी व्यापाऱ्यांना हिशेब शिकवून पोट भरले. मास्तरकी अशी परदेशातही कामी आली. दोन काश्मिरी व्यापाऱ्यांनी त्यांना ओळखले, पण त्यांनी ते कुणाला सांगितले नाही. रात्री गुपचूप ताऱ्यांचे वेध घेऊन नैनसिंहांनी ल्हासाचे अक्षांश 29 अंश 39 मिनिटे काढले. आजच्या उपग्रहाच्या मोजणीतही तेच येते. उंची त्यांनी सुमारे 11,700 फूट काढली. आजचा आकडा 12,000 फुटांच्या जवळपास आहे. उकळते पाणी आणि एक तापमापक एवढ्यावर काढलेला हा आकडा आहे!

परतताना ते त्सांगपो नदीच्या काठाने मानसरोवरापर्यंत आले आणि तिथून भारतात. या प्रवासात ते सुमारे 1200 मैल पायी चालले. हिशेब करून पाहा, 24 लाख पावले होतात. आणि ती सगळी मोजलेली!

1867 साली ते पुन्हा पश्चिम तिबेटात गेले व तिथल्या थोक जालुंग येथील सोन्याच्या खाणींची माहिती घेऊन आले. 1874-75 मध्ये लेहपासून ल्हासा आणि तवांगमार्गे आसामातील उदलगुडीपर्यंत त्यांनी शेवटचा मोठा प्रवास केला. या कष्टांनी प्रकृती ढासळली, दृष्टीही अधू झाली. मग त्यांनी पुढच्या सर्वेक्षकांना शिकवायचे काम केले. 'अक्षांश दर्पण' हे पुस्तक तर त्यांनी 1871 सालीच हिंदीत लिहिले होते. आमचे स्वतःचे महाविद्यालयीन शिक्षण हिंदीतून झाले असल्याने याचे आम्हाला विशेष कौतुक वाटते. 1877 साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. भारतीय टपाल खात्याने 2004 साली त्यांच्यावर तिकीट काढले.

एक गोष्ट मुलांपासून लपवू नये असे आम्हाला वाटते. हे काम इंग्रज सरकारसाठी होते आणि दुसऱ्याच्या देशात वेश बदलून केलेले होते. ज्याच्या हाती नकाशा त्याच्या हाती सत्ता, हे इंग्रजांना चांगले ठाऊक होते. म्हणूनच आपल्या देशाचे नकाशे आपल्याच शिकलेल्या मुलामुलींनी करावेत, याला महत्त्व आहे.

आता पालकांच्या प्रश्नाकडे येऊ. नैनसिंहांनी पावलांनी केले ते काम आज उपग्रह, जीपीएस आणि संगणक यांच्या साहाय्याने चालते. भूगोलात बी. ए. किंवा बी. एस्सी. करून पुढे एम. ए., एम. एस्सी. करता येते आणि त्यात रिमोट सेन्सिंग व जीआयएस या शाखा घेता येतात. देहरादूनचे भारतीय सर्वेक्षण खाते, तिथलीच भारतीय सुदूर संवेदन संस्था, हैदराबादचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र आणि कोलकात्याची राष्ट्रीय ॲटलास संस्था ही या क्षेत्रातली मोठी ठिकाणे आहेत. नगररचना, पाणीपुरवठा, पिकांचे अंदाज, पूर व भूकंपातील मदतकार्य, खाजगी नकाशा कंपन्या यांनाही अशी माणसे लागतात. संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत भूगोल हा वैकल्पिक विषय आहे. मात्र एक सूचना आहे. या वाटेने जायचे तर गणित आणि संगणक यांच्याशी मैत्री ठेवा. नुसते पाठांतर करून भूगोल येत नाही. नैनसिंहांनाही वेध घेताना गणितच लागले.

विश्वस्त मंडळींना आमची विनंती आहे की, शाळेसाठी आपल्या जिल्ह्याचे 1:50,000 प्रमाणाचे सर्वेक्षण नकाशे, चार होकायंत्रे आणि दोन चांगले तापमापक घ्यावेत. खर्च फार नाही. आमच्याकडून आम्ही एवढे वचन देतो की परीक्षा जवळ आली म्हणून भूगोलाचा तास यापुढे गणिताला दिला जाणार नाही. आजवर तो दिला गेला, ही चूक आमची.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी गृहपाठ. येत्या रविवारी घरापासून शाळेपर्यंतची पावले मोजा, वळणे लिहून ठेवा आणि त्यावरून कागदावर नकाशा काढा. सोमवारी तो आमच्या टेबलावर आणून द्या. पुढच्या वर्षी तुमच्यापैकी कुणी भूगोल घ्यायचा म्हणून आमच्याकडे आले, तर या वेळी आम्ही अडवणार नाही. उलट तुमच्या आई-वडिलांना आम्हीच समजावून सांगू.