रॉकेलच्या दिव्यापासून वीज धोरणापर्यंत : मजूरमंत्री बाबासाहेब

परळच्या चाळीतील एका खोलीत रामजी सुभेदारांचे कुटुंब राहत होते. रात्री दोनपर्यंत वडील स्वतः जागत आणि मग लहान भीमरावाला अभ्यासाला उठवून आपण झोपत. बाळ भीमराव रॉकेलच्या मिणमिणत्या दिव्यावर पहाटेपर्यंत वाचत बसे. तोच मुलगा पुढे साऱ्या देशाच्या विजेचा विचार करणारा मंत्री झाला. बाबासाहेबांच्या चरित्रातला हा भाग आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले बाबासाहेब शिक्षणाने अर्थशास्त्रज्ञ होते. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेचा अभ्यास केला. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाबद्दल लंडनची डी.एस्सी. मिळवली. सरकारी पैसा कोण खर्च करतो आणि त्यावर लक्ष कोण ठेवतो, हा प्रश्न तेव्हापासून त्यांच्या सोबत होता. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. कामगारांसाठी त्यांनी केलेले काम सर्वांना ठाऊक आहे. पण या खात्याकडे पाटबंधारे आणि वीजही होती. त्या काळी वीज म्हणजे मुख्यतः शहरांची चैन. १९१० च्या कायद्याखाली परवाने घेतलेल्या कंपन्या जिथे नफा दिसेल तिथे तारा नेत. मुंबईच्या गिरण्यांना खोपोलीची वीज १९१५ पासून मिळू लागली, पण गावे अंधारातच राहिली.

युद्धोत्तर पुनर्रचनेसाठी नेमलेल्या वीजविषयक धोरण समितीचे अध्यक्ष बाबासाहेब होते. २५ ऑक्टोबर १९४३ च्या पहिल्याच बैठकीत त्यांनी मूळ प्रश्न पुढे ठेवले. वीज खाजगी मालकीची असावी की सरकारी? जबाबदारी केंद्राची की प्रांतांची? स्वस्त आणि मुबलक वीज देण्याचा उत्तम मार्ग कोणता? त्यांचे गणित सरळ होते. शेतीवर माणसांचा भार जास्त आहे, तो उद्योगांशिवाय हलका होणार नाही आणि स्वस्त विजेशिवाय उद्योग उभे राहणार नाहीत. म्हणजे गरिबी हटवायची तर सुरुवात विजेपासून.

याच काळात केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. दामोदर आणि महानदी खोऱ्यांच्या बहुउद्देशीय योजनांना त्यांच्या खात्याने चालना दिली. पूर रोखणे, सिंचन आणि वीज यांचा एकत्रित विचार त्या योजनांत होता. बाबासाहेब १९४६ मध्ये मंडळातून बाहेर पडले. १९४८ साली वीज पुरवठा कायदा झाला तेव्हा हे खाते काकासाहेब गाडगीळांकडे होते. त्या कायद्याने केंद्रीय वीज प्राधिकरणाची आणि राज्य वीज मंडळांची तरतूद केली. राज्यघटनेत वीज समवर्ती सूचीत आहे.

पुढे मात्र एक दोष दिसू लागला. वीज बनवणारे, विकणारे आणि दर ठरवणारे एकच मंडळ, आणि त्यावर राज्य सरकारचा हात. निवडणूक जवळ आली की सवलत जाहीर व्हायची आणि तोटा मंडळाच्या खात्यावर चढायचा. म्हणून १९९६ साली प्रथम ओडिशात आणि १९९८ च्या केंद्रीय कायद्यानंतर महाराष्ट्रात १९९९ साली स्वतंत्र वीज नियामक आयोग आला. २००३ च्या कायद्यानुसार दर ठरवण्यापूर्वी आयोगाला लोकांच्या सूचना व हरकती विचारात घ्याव्या लागतात. सरकारला कुणाला सवलत द्यायची असेल तर तिचे पैसे आगाऊ भरावे लागतात.

हा आयोग बाबासाहेबांनी निर्माण केला असे म्हणणे चूक ठरेल. पण त्यामागचे तत्त्व त्यांना परके नव्हते. सत्तेवर लक्ष ठेवणारा माणूस सत्तेच्या मर्जीवर नसावा, हे त्यांनी घटना समितीत महालेखापरीक्षकाबाबत ठामपणे मांडले होते. त्या अधिकाऱ्याला सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाप्रमाणेच पदावरून काढता येते. वीज आयोगाच्या सदस्यालाही सरकार मनात आले म्हणून हटवू शकत नाही, आधी चौकशी व्हावी लागते.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. आज आपल्या वस्त्यांत तारा आल्या आहेत, पण बिल भरता न आल्याने मीटर निघालेली घरेही आहेत. दरवाढीच्या जाहीर सुनावणीत मोठ्या उद्योगांचे वकील आकडे घेऊन उभे राहतात. आपल्या वस्तीतून कोण जातो? त्या सुनावणीत बोलण्याचा हक्क शंभर युनिट वापरणाऱ्या घरालाही आहे. बाबासाहेब कोणत्याही समितीपुढे अभ्यास करून, आकडे हाती घेऊन जात. येत्या सुनावणीला प्रत्येक तालुक्यातून निदान एक अभ्यासू कार्यकर्ता तरी हरकत घेऊन गेला पाहिजे.