जिमी मर्फी

जेम्स पॅट्रिक मर्फी, ऊर्फ जिमी मर्फी (८ ऑगस्ट १९१० – १४ नोव्हेंबर १९८९), हे वेल्सचे फुटबॉलपटू व प्रशिक्षक होते. खेळाडू म्हणून ते हाफ-बॅकच्या जागी, म्हणजे बचावफळीच्या पुढे खेळत. मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश संघाचे मुख्य प्रशिक्षक व पुढे सहव्यवस्थापक या नात्याने त्यांनी युवा खेळाडूंच्या दोन पिढ्या घडवल्या. १९५८च्या म्युनिक विमान दुर्घटनेनंतर संघाची धुरा त्यांनीच सांभाळली. त्याच वर्षी त्यांच्या मार्गदर्शनाखाली वेल्सने विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी गाठली.

प्रारंभिक जीवन व खेळाडू म्हणून कारकीर्द

मर्फी यांचा जन्म दक्षिण वेल्समधील ऱ्होंडा या कोळसाखाणींच्या खोऱ्यात झाला. १९२८ साली ते वेस्ट ब्रॉमविच आल्बियन या इंग्लिश संघात दाखल झाले. चिवट व आक्रमक अडवणूक हे त्यांच्या खेळाचे वैशिष्ट्य होते. १९३५च्या एफ. ए. चषकाच्या अंतिम सामन्यात ते खेळले. त्यात आल्बियनचा शेफील्ड वेन्सडेकडून ४–२ असा पराभव झाला. वेल्सच्या राष्ट्रीय संघाकडून त्यांनी १५ सामने खेळले. दुसऱ्या महायुद्धाने त्यांची खेळाडू म्हणून कारकीर्द संपुष्टात आणली.

युद्धकाळात ते ब्रिटिश सैन्यात होते. १९४५ साली इटलीतील बारी येथे ते सैनिकांना फुटबॉलविषयी मार्गदर्शन करत असताना मॅट बझ्बी यांनी त्यांचे बोलणे ऐकले. बझ्बी यांच्याकडे मँचेस्टर युनायटेडचे व्यवस्थापकपद येणार होते. मर्फी यांची खेळाची जाण व श्रोत्यांवरील पकड पाहून त्यांनी मर्फी यांना आपल्या संघात येण्याचे निमंत्रण दिले.

युवा खेळाडूंचे प्रशिक्षक

१९४६ साली मर्फी मँचेस्टरला आले. बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झालेले ओल्ड ट्रॅफर्ड मैदान तेव्हा खेळण्याजोगे नव्हते. तयार खेळाडू मोठ्या किमतीला घेण्यापेक्षा शाळकरी वयातील मुले निवडून घडवावीत, असे धोरण बझ्बी यांनी ठरवले. ते प्रत्यक्षात आणण्याचे काम मुख्यतः मर्फी यांच्याकडे होते. राखीव व युवा संघांसोबत ते रोज मैदानावर असत. एकेका मुलाला बाजूला घेऊन त्याची उणीव दूर होईपर्यंत ते सराव करून घेत. बॉबी चार्ल्टन यांचा खेळ घडवण्यात या वैयक्तिक सरावाचा मोठा वाटा होता.

१९५२–५३ साली एफ. ए. युवा चषक सुरू झाला आणि युनायटेडने तो सलग पाच वेळा जिंकला. याच मुलांच्या बळावर मुख्य संघाने १९५६ व १९५७ साली साखळी विजेतेपद मिळवले. त्यांतील डंकन एडवर्ड्स यांनी १६व्या वर्षी मुख्य संघात, तर १८व्या वर्षी इंग्लंडच्या संघात पदार्पण केले.

म्युनिक दुर्घटना

१९५६पासून मर्फी वेल्सच्या राष्ट्रीय संघाचेही व्यवस्थापक होते. ५ फेब्रुवारी १९५८ रोजी वेल्सचा इस्रायलविरुद्धचा विश्वचषक पात्रता सामना कार्डिफ येथे होता, आणि त्याच दिवशी युनायटेडचा युरोपियन चषकाचा सामना बेलग्रेडला होता. त्यामुळे मर्फी बेलग्रेडला गेले नाहीत. विमानात बझ्बी यांच्या शेजारची त्यांची नेहमीची जागा प्रशिक्षक बर्ट व्हॅली यांना मिळाली. ६ फेब्रुवारीला म्युनिक येथे उड्डाण घेताना विमान कोसळले. एकूण २३ जणांचा मृत्यू झाला. त्यांत युनायटेडचे आठ खेळाडू होते आणि व्हॅलीही होते. बझ्बी गंभीर जखमी झाले. एडवर्ड्स यांचे दोन आठवड्यांनी रुग्णालयात निधन झाले. मृतांपैकी अनेकांना मर्फी यांनी किशोरवयापासून शिकवले होते.

म्युनिकच्या रुग्णालयात जखमींना भेटून मर्फी परतले आणि त्यांनी नवा संघ उभा करण्यास घेतला. अर्नी टेलर व स्टॅन क्राउदर यांना बाहेरून आणले; उरलेल्या जागा युवा व राखीव खेळाडूंनी भरल्या. १९ फेब्रुवारीच्या शेफील्ड वेन्सडेविरुद्धच्या सामन्याच्या कार्यक्रमपत्रिकेत युनायटेडच्या खेळाडूंच्या नावांच्या जागा कोऱ्या होत्या. अपघातातून वाचलेले हॅरी ग्रेग व बिल फोक्स या सामन्यात खेळले आणि युनायटेडने तो ३–० असा जिंकला. नवोदित शे ब्रेनन यांनी त्यात दोन गोल केले. पुढे मर्फी यांच्याच जुन्या आल्बियन संघाला व नंतर फुलहॅमला हरवून युनायटेड एफ. ए. चषकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला. तेथे बोल्टन वाँडरर्सने त्यांचा २–० असा पराभव केला.

वेल्स आणि विश्वचषक

त्याच उन्हाळ्यात स्वीडनमधील विश्वचषकात वेल्सने गटातील तिन्ही सामने बरोबरीत सोडवले आणि निर्णायक सामन्यात हंगेरीला २–१ असे हरवले. उपांत्यपूर्व फेरीत जखमी जॉन चार्ल्स यांच्याविना खेळताना वेल्स ब्राझीलकडून पेले यांच्या एकमेव गोलमुळे हरला. त्यानंतर वेल्सला विश्वचषकात खेळण्यासाठी २०२२पर्यंत वाट पाहावी लागली.

उत्तरायुष्य व वारसा

बझ्बी बरे होताच मर्फी यांनी सूत्रे त्यांच्याकडे परत दिली व ते पुन्हा दुसऱ्या स्थानावर काम करू लागले. १९६८ साली युनायटेडने बेनफिकाला ४–१ असे हरवून युरोपियन चषक जिंकला. त्या संघातील चार्ल्टन, फोक्स, ब्रेनन, नॉबी स्टाइल्स व जॉर्ज बेस्ट हे सर्व क्लबच्या युवा विभागातूनच आले होते. १९७१ साली मर्फी सहव्यवस्थापकपदावरून निवृत्त झाले. त्यांच्या निधनानंतर क्लबने आपल्या सर्वोत्तम युवा खेळाडूसाठी त्यांच्या नावाने वार्षिक पुरस्कार सुरू केला. २०२३ साली ओल्ड ट्रॅफर्ड येथे त्यांचा पुतळा उभारण्यात आला.