अ. का. प्रियोळकर आणि भारतीय मुद्रणाचा इतिहास

अनंत काकबा प्रियोळकर यांचे नाव मराठी संशोधनाच्या क्षेत्रात प्रामुख्याने पाठचिकित्सक म्हणून घेतले जाते. भारतातील मुद्रणकलेच्या प्रारंभाविषयीचे त्यांचे संशोधन हा या पाठचिकित्सेचाच विस्तार होय. ग्रंथाचा पाठ निश्चित करू पाहणाऱ्या अभ्यासकाला तो ग्रंथ कोणत्या लिपीत, कोठे व कोणासाठी सिद्ध झाला, हा प्रश्न टाळता येत नाही.

प्रियोळकरांचा जन्म ५ सप्टेंबर १८९५ रोजी गोव्यातील प्रियोळ या गावी झाला. त्यांचे संशोधनकार्य मात्र मुख्यतः मुंबईत घडले. रघुनाथपंडितांच्या ‘दमयंतीस्वयंवरा’ची त्यांची आवृत्ती १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे मुक्तेश्वरांच्या आदिपर्वाचेही त्यांनी संपादन केले. १९५१ च्या कारवार येथील मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. मुंबईच्या मराठी संशोधन मंडळाचे संचालकपदही त्यांनी भूषविले.

मुद्रणाच्या आगमनास चारशे वर्षे झाल्याच्या निमित्ताने त्यांनी ‘द प्रिंटिंग प्रेस इन इंडिया’ हा इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला व मंडळाने तो १९५८ मध्ये प्रकाशित केला. मुद्रणयंत्र गोव्यात आले ते १५५६ मध्ये. ॲबिसिनियासाठी निघालेले हे यंत्र गोव्यातच राहिले. त्या वर्षी छापलेल्या पत्रकांची प्रत आज उपलब्ध नाही. त्यांचे अस्तित्व जेझुइटांच्या पत्रव्यवहारावरून सिद्ध होते. १५६३ मध्ये गार्सिया द ऑर्ता याचा वनौषधींवरील ग्रंथही गोव्यात छापला गेला. म्हणजे युरोपीय विद्येची मुद्रित परंपरा येथे आरंभीच पोहोचली होती.

मराठी ग्रंथाचे भाग्य मात्र वेगळे ठरले. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये मराठीत छापले गेले, ते रोमन लिपीत. स्थानिक लिपीचे खिळे मिळावेत, अशी इच्छा त्यांनी त्यापूर्वीच आपल्या वरिष्ठांना कळविली होती. नागरीतील जोडाक्षरांसाठी खिळे मोठ्या संख्येने पाडावे लागत, ही अडचण खरीच होती. परंतु मलबारी तमिळ लिपीचे खिळे १५७७ च्या सुमारास गोव्यातच पाडले गेले होते. तेव्हा केवळ तांत्रिक कारण पुरेसे ठरत नाही. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने फर्मान काढून तीन वर्षांत लोकभाषा सोडून पोर्तुगीज स्वीकारण्यास फर्मावले. जेथे भाषेलाच आश्रय उरला नाही, तेथे तिच्या लिपीचे खिळे कोण पाडणार? अखेर नागरी खिळ्यांनी छापलेले विल्यम कॅरे यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये दूर बंगालमधील श्रीरामपूर येथे निघाले. त्याच वर्षी मिरजेस ताम्रपटांवरून भगवद्गीता छापली गेली.

कोंकणी ही मराठीची बोली होय, हे प्रियोळकरांचे मत पुढे मान्य झाले नाही. १९७५ मध्ये साहित्य अकादमीने आणि १९९२ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीने कोंकणीला स्वतंत्र भाषा म्हणून स्थान दिले. मात्र त्यांनी उजेडात आणलेली साधने उभय भाषांच्या अभ्यासकांना आजही उपयोगी पडतात. १३ एप्रिल १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. यंत्र आले म्हणजे ग्रंथसंस्कृती आली असे नव्हे; लिपी, आश्रय आणि वाचक यांचा मेळ बसावा लागतो, हा त्यांच्या संशोधनातून निघणारा निष्कर्ष मराठी वाङ्मयेतिहासाच्या लेखनात अद्याप पुरेसा मुरलेला नाही.