जॉन क्विन्सी ॲडम्स

जॉन क्विन्सी ॲडम्स यांचा जन्म ११ जुलै १७६७ रोजी अमेरिकेत झाला. १८१४ साली ते इंग्लंडशी तह करण्यास घेंट शहरी गेले. पत्नी लुइझा सात वर्षांच्या मुलासह रशियात राहिल्या. पुढच्या हिवाळ्यात युद्धाने उजाड झालेल्या मुलखातून सुमारे चाळीस दिवस प्रवास करून त्या पॅरिसला निघाल्या. वाटेत रशियन गाडी पाहून नेपोलियनच्या सैनिकांनी त्यांना घेरले. बाई धीराच्या! त्यांनी फ्रेंचमध्ये नेपोलियनचा जयजयकार केला, तेव्हा सुटका झाली.

मग १८१५ ते १८१७ हे कुटुंब लंडनजवळ ईलिंगला राहिले. ॲडम्स तेव्हा अमेरिकेचे वकील होते.

परराष्ट्रमंत्री असताना ४ जुलै १८२१ रोजी त्यांनी बजावले की, अमेरिकेने सर्वांच्या स्वातंत्र्याचे भले चिंतावे. पण त्यासाठी परदेशी लढायला गेल्यास ती जगाची हुकूमशहा होईल व स्वतःवरचा ताबा गमावेल. (स्पेनकडून फ्लोरिडा मिळवताना मात्र त्यांना संकोच वाटला नव्हता.) अफगाणिस्तानात अमेरिकेचे सैन्य २००१ ते २०२१ होते.

१८२५ ते १८२९ ते राष्ट्राध्यक्ष होते. आपल्या बेटावर १८३५ साली गुलाम मुक्त झाले. अमेरिकेत लाखो तसेच राहिले. त्यांच्यासाठी ॲडम्स संसदेत झगडत राहिले. २१ फेब्रुवारी १८४८ रोजी ते सभागृहातच कोसळले आणि दोन दिवसांनी त्याच इमारतीत वारले.