बादशहा जहांगीर आणि मद्याचा प्याला

आमच्या इंदुराहून मांडवगड फार दूर नाही. पावसाळ्यात तेथील तलाव भरले आणि जहाजमहालाचे प्रतिबिंब पाण्यात पडले, म्हणजे सहलीस गेलेल्या मुलांचे पाय तेथून निघत नाहीत. १६१७ सालचा पावसाळा मोगल बादशहा जहांगीर याने याच गडावर काढला होता. इतिहासाच्या पुस्तकातून त्याची न्यायाची साखळी आणि त्याची बेगम नूरजहान यांची ओळख आपणां सर्वांस झालेली असते. त्याच्या चरित्राचे एक निराळे प्रकरण आम्ही आज सांगणार आहोत. त्यास मुख्य आधार खुद्द जहांगिराने फारसी भाषेत लिहिलेल्या आत्मचरित्राचा आहे. आपले दोष इतक्या मोकळेपणाने लिहून ठेवणारे राजे जगात थोडेच झाले असतील.

जहांगिराचे मूळ नाव सलीम. १५६९ च्या ऑगस्ट महिन्यात सिक्री येथे त्याचा जन्म झाला. अकबराला हा पुत्र नवसासायासाने झाला, आणि शेख सलीम चिश्ती या साधुपुरुषाच्या नावावरून त्याचे नाव ठेवण्यात आले. मुलगा मोठा चौकस निघाला. पुढे बादशहा झाल्यावर त्याने सारस पक्ष्यांच्या एका जोडीवर नजर ठेवून ती अंडी कशी उबविते, नर व मादी आळीपाळीने कसे बसतात, याची बारकाईने नोंद केली. अहमदाबाद व महमूदाबाद यांपैकी कोठली हवा अधिक चांगली, हे पाहण्यासाठी त्याने दोन्ही ठिकाणी मेंढ्याचे मांस टांगून ठेविले व कोठले आधी नासते ते पाहिले. मन्सूर नावाच्या चित्रकाराकडून त्याने पशुपक्ष्यांची जी चित्रे काढवून घेतली, ती आजही जाणकारांना विस्मित करतात. अशा बुद्धिमान, रसिक व संपन्न पुरुषास काय उणे होते, असे कोणासही वाटेल.

बालपणी औषध म्हणून दोनतीनदा दिलेला घोट सोडला, तर सलीमाने मद्य चाखलेले नव्हते. १५८६ च्या सुमारास अकबराची छावणी सिंधू नदीच्या काठी अटक येथे पडली होती. सलीम तेव्हा सोळासतरा वर्षांचा, म्हणजे आमच्या शाळेतील वरच्या वर्गातील मुलांएवढाच होता. एके दिवशी तो शिकारीहून फार थकून आला. सोबतच्या एका तोफखानेवाल्याने त्यास सुचविले की, एक प्याला घेतला तर सारा शीण जाईल. सलीमाने हकीम अलीच्या घरी माणूस धाडला. लहानशा बाटलीतून दीड प्यालाभर पिवळसर, गोड मद्य आले. ते त्याने घेतले आणि त्याची धुंदी त्यास आवडली. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ नाटकातील सुधाकर ज्या वाटेने गेला, त्या वाटेवरचे पहिले पाऊल हिंदुस्थानच्या युवराजाने तीन शतकांपूर्वीच टाकिले होते.

यापुढची हकीकत थोडक्यात सांगता येते. मात्रा दिवसेंदिवस वाढत गेली. द्राक्षांच्या मद्याने नशा येईनाशी झाली, तेव्हा गाळलेली दारू सुरू झाली. नऊ वर्षांत दोनदा गाळलेल्या कडक दारूचे रोज वीस प्याले, चौदा दिवसा व सहा रात्री, असे प्रमाण झाले. अन्न म्हणाल तर एक कोंबडी, थोडी रोटी आणि मुळा एवढेच पोटात जाई. शेवटी हात इतके कापू लागले की त्यास प्याला धरता येईना. दुसऱ्यांनी तो त्याच्या ओठांस लावावा तेव्हा घोट घशाखाली उतरे. ज्या हाताने पुढे साम्राज्याची मुद्रा उठावयाची, त्या हाताची पंचविशीतच ही दशा झाली.

असे का व्हावे, हे आज वैद्यकशास्त्र स्पष्ट सांगू शकते. मद्य नित्य घेतल्याने मेंदू त्यास सरावतो, म्हणून तेवढीच धुंदी येण्यास अधिकाधिक मात्रा लागते. आणि मद्याचा अंमल उतरू लागला की मज्जातंतू खवळून अंग थरथरते. मद्याचा निचरा मुख्यत्वे यकृतात होतो व तेथे त्यापासून एक विषारी द्रव्य बनते. प्रथम यकृतावर चरबी चढते, मग दाह होतो, आणि अखेर ते कठीण व गाठाळ होऊन पोटात पाणी साठते. तोंड, घसा, अन्ननलिका व यकृत यांच्या कर्करोगासही मद्य कारण होते, हे आता सिद्ध झाले आहे.

सलीमाच्या घरातच या विषाने दोन बळी घेतले. धाकटा भाऊ मुराद दक्षिणेच्या मोहिमेवर असता मद्यपानाने खंगून १५९९ मध्ये, तिशीच्या आतच वारला. दुसरा भाऊ दानियाल बऱ्हाणपुरास होता. त्याची दारू तोडण्यासाठी अकबराने सक्त पहारे बसविले. तेव्हा दानियालाने नोकराची विनवणी करून, आपल्या आवडत्या बंदुकीच्या नळीत दारू भरून आणविली. नळीतील गंज व दारूचे जळजळीत पाणी एक झाले. ते पिऊन तो जो अंथरुणास खिळला, तो पुन्हा उठला नाही. हे १६०५ साली घडले. त्याच वर्षी अकबरही गेला.

सलीम मात्र त्या वेळी वाचला होता. त्याने हकीम हुमामला बोलावून आपली स्थिती दाखविली. हकिमाने भीड न धरता सांगितले की, असेच चालले तर सहा महिन्यांत औषधाच्या पलीकडची अवस्था येईल. सलीमाने ते मनावर घेतले आणि सात वर्षांत वीस प्याल्यांवरून पाचसहांवर आला. हा निग्रह लहान नव्हे. परंतु मद्याची उणीव भरून काढण्यासाठी त्याने अफूमिश्रित माजून धरले, पुढे नुसती अफू धरली. एक बेडी सैल करताना त्याने दुसरी पायात घातली. मोठे व्यसन एकदम तोडणे शरीरास धोक्याचे ठरू शकते. म्हणून आजही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ते सोडावयाचे असते.

सिंहासनावर बसताच जहांगिराने बारा आज्ञा काढल्या. त्यांत मद्य व मादक पदार्थ तयार करण्याची आणि विकण्याची मनाई होती. आपण स्वतः पितो, ही कबुलीही त्याने तेथेच देऊन टाकली. १६१६ मध्ये तर चोवीस वर्षांच्या निर्व्यसनी खुर्रमला, म्हणजे पुढच्या शाहजहानला, त्याने वाढदिवशी आग्रह करून स्वतः मद्य पाजले. बापाची ही माया पाहून वाचकाचे मन विषण्ण होते.

तंबाखूची गोष्टही याच काळातली. अमेरिकेतील ही वनस्पती पोर्तुगीजांच्या व्यापारातून दक्षिणेत पसरली. अकबराच्या अखेरच्या दिवसांत असद बेग या सरदाराने विजापुराहून येताना तंबाखू व रत्नजडित हुक्का आणून बादशहापुढे ठेविला. हकिमाने हरकत घेतली तरी अकबराने दोनचार झुरके घेतले, आणि दरबारात हुक्क्याची चाल पडली. जहांगिराने मात्र तंबाखूपासून होणारा अपाय ओळखून १६१७ मध्ये तिला बंदी केली. इराणच्या शाह अब्बासानेही तशीच बंदी घातली होती. पण तेथे गेलेला जहांगिराचा वकील खान आलम तंबाखूवाचून क्षणभर राहू शकत नसे, म्हणून शाहाला त्याच्यापुरती सूट द्यावी लागली! बादशहाची अटकळ खरी होती, हे शास्त्राने दाखविण्यास मात्र तीन शतकांहून अधिक काळ लागला. १९५० मध्ये इंग्लंडात डॉल व हिल यांनी रुग्णांची पद्धतशीर तुलना करून धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध सिद्ध केला. ओढलेल्या तंबाखूने हृदय व रक्तवाहिन्याही बिघडतात. चघळलेल्या तंबाखूने आणि गुटख्याने तोंडाचा कर्करोग होतो, व तो आपल्या देशात फार आढळतो.

१६१८ मध्ये इनायत खान नावाचा दरबारी निरोप घेण्यास आला. अफू व मद्य यांनी त्याचे शरीर पोखरले होते. त्यास पालखीतून आणावे लागले. हाडांवर केवळ कातडे उरले होते. जहांगिराने विस्मयाने चित्रकारांस बोलावून त्याचे चित्र काढविले. दुसऱ्याच दिवशी इनायत खान मरण पावला. ते चित्र आजही पाहावयास मिळते. दुसऱ्याच्या देहाची दशा इतक्या बारकाईने पाहणाऱ्या या पुरुषाच्या हातातला प्याला तेव्हाही सुटला नव्हता.

लवकरच त्यास दम्याने गाठले. नूरजहानने मोठ्या युक्तीने त्याचे मद्य हळूहळू कमी केले व पथ्य सांभाळले. परंतु झीज भरून येण्याजोगी नव्हती. १६२२ मध्ये आत्मचरित्र लिहिण्याचे त्राण उरले नाही. लेखणी दुसऱ्याच्या हाती द्यावी लागली. दरबारात बेगमेचा शब्द चाले, पुत्र बंड करी, आणि १६२६ मध्ये महाबतखानाने तर बादशहालाच ताब्यात घेतले. १६२७ मध्ये काश्मिराहून लाहोरकडे परतताना वाटेतच त्याचा अंत झाला. जन्मभराची अफूही अखेरीस नकोशी झाली होती. शेवटी त्याने मद्याचा प्याला मागितला. तो ओठांपर्यंत आला, पण घोट गिळवला नाही. वय अवघे अठ्ठावन्न होते.

जहांगिरापाशी बुद्धी होती, सत्ता होती, देशातील उत्तम हकीम होते आणि आपला दोष ओळखण्याची प्रामाणिक दृष्टीही होती. एवढे असूनही तो पुरता सुटू शकला नाही. अटकेच्या छावणीत पहिला प्याला नाकारणे त्यास अगदी सोपे होते; पुढे दरवर्षी ते अधिकाधिक कठीण होत गेले. २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांस आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास बंदी आहे, तीही याच विचाराने. पण जहांगिराच्या मनाईहुकुमांप्रमाणे कोणताही हुकूम बाहेरूनच पहारा करतो.

मुलगा खुर्रम मात्र बापाहून निराळा निघाला. १६२१ च्या सुमारास दक्षिणेकडे जाताना त्याने मद्य सोडण्याचा निश्चय केला, जवळचे सारे मद्य चंबळेत ओतविले आणि सोन्यारुप्याचे प्याले फोडून गोरगरिबांस वाटून टाकिले. ही चंबळ आमच्या महूजवळच्या जानापावच्या डोंगरात उगम पावते. विद्यार्थिमित्रहो, मांडवगडाच्या वाटेवर कधी तिचे नाव निघाले, तर त्या फुटलेल्या प्याल्यांची आठवण अवश्य ठेवावी.