दान्ते : नरकाचा नकाशा काढणारा कवी

व्हेरोना शहरातील एका रस्त्याने सावळ्या वर्णाचा, गंभीर मुद्रेचा एक माणूस चालला होता. दाराशी बसलेल्या बायका आपसांत कुजबुजल्या, की हा मनाला येईल तेव्हा नरकात जातो आणि तिथल्या लोकांच्या बातम्या घेऊन वर येतो. म्हणूनच तर त्याचा चेहरा धुराने काळवंडला आहे आणि दाढीचे केस आचेने कुरळे झाले आहेत! ते शब्द कानी पडताच तो माणूस किंचित हसला आणि पुढे गेला. इटालियन लेखक बोकाचो याने दान्तेच्या चरित्रात ही आख्यायिका सांगितली आहे. ती खरी असो वा नसो, नरक म्हटला की दान्तेचे नाव यावे, हे समीकरण त्याच्या हयातीतच कसे रुजले असावे याची कल्पना तिच्यावरून येते.

दान्ते अलिगिएरी याचा जन्म १२६५ साली इटलीतील फ्लॉरेन्स नगरात झाला. आईचे छत्र लहानपणीच हरपले. वयाच्या नवव्या वर्षी त्याने बिआट्रिस नावाची, जवळजवळ त्याच्याच वयाची मुलगी पाहिली आणि ती मूर्ती त्याच्या अंतःकरणात कायमची कोरली गेली. दोघांचा विवाह झाला नाही. सहवासही फारसा घडला नाही. १२९० मध्ये ती ऐन तारुण्यात वारली. तो शोक आणि ती प्रीती यांतून त्याचे ‘नवजीवन’ या अर्थाच्या नावाचे पहिले पुस्तक जन्मास आले. योगायोग असा की ज्या १२९० साली बिआट्रिस गेली, त्याच साली आपल्याकडे ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. पुढे दान्तेनेही पंडितांची लॅटिन बाजूला सारून आपले महाकाव्य बायकापोरांच्या बोलीत रचले. एकमेकांचे नावही ठाऊक नसलेल्या दोन कवींनी, दोन दूरच्या देशांत, जवळजवळ एकाच काळी लोकभाषेवर असा विश्वास टाकला, ही गोष्ट मराठी वाचकाला सुखावल्यावाचून राहत नाही.

दान्ते केवळ कवी नव्हता. १२८९ च्या काम्पाल्दिनोच्या लढाईत तो घोडदळात लढला. गेम्मा डोनाती हिच्याशी त्याचा विवाह झाला, मुलेबाळे झाली. १३०० साली तो नगराच्या सर्वोच्च कारभारी मंडळात निवडून आला. त्या पदाची मुदत अवघी दोन महिन्यांची. पण त्या दोन महिन्यांनी त्याच्या उभ्या आयुष्याची दिशा बदलली. फ्लॉरेन्समध्ये तेव्हा पांढरे आणि काळे असे दोन पक्ष हमरीतुमरीवर आले होते. शांतता राखण्यासाठी कारभाऱ्यांनी दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना शहराबाहेर काढले. त्यांत दान्तेचा जिवलग मित्र, कवी ग्विदो काव्हालकांती हाही होता. हद्दपारीत तो आजारी पडला आणि त्याच वर्षी वारला. कर्तव्य बजावताना आपल्याच माणसावर दंडुका उगारावा लागतो, हा अनुभव दान्तेच्या वाट्याला असा आला.

पुढच्याच वर्षी पोप आठवा बोनिफेस याच्या पाठिंब्याने काळ्या पक्षाने शहर ताब्यात घेतले. या पक्षाचा म्होरक्या कोर्सो डोनाती हा दान्तेच्या पत्नीच्याच घराण्यातला. दान्ते त्या वेळी शहराबाहेर होता. २७ जानेवारी १३०२ रोजी त्याच्यावर अधिकारपदाचा गैरवापर आणि लाचखोरी यांचा ठपका ठेवून पाच हजार फ्लोरिन दंड आणि दोन वर्षांची हद्दपारी ठोठावण्यात आली. तो हजर झाला नाही, तेव्हा १० मार्च रोजी, सापडल्यास जिवंत जाळावे, असा हुकूम निघाला. आरोप खोटा होता, असेच आज सर्वसाधारणपणे मानले जाते. दान्ते त्यानंतर फ्लॉरेन्सला पुन्हा कधीच परतला नाही.

परक्याच्या दारी राहून, परक्याचे अन्न खाऊन त्याने ‘डिव्हाइन कॉमेडी’ लिहिली. तीन खंड, शंभर सर्ग, चौदा हजारांहून अधिक ओळी. तिचा पहिला खंड म्हणजे नरक. आपल्याकडे घरात कोणी गेले की गरुडपुराण वाचतात. त्यात यमदूत आहेत, वैतरणी आहे, पापागणिक निराळा नरक आहे. दान्तेच्या नरकातही नदी आहे, नावाडी आहे, आणि नरसाळ्यासारखी खाली निमुळती होत जाणारी नऊ वर्तुळे आहेत. पण दोन भेद महत्त्वाचे आहेत. आपला नरक भोगून संपतो, पापी पुन्हा जन्म घेतो. दान्तेच्या नरकातून सुटका नाही. दुसरे असे, की गरुडपुराणातील पाप्यांना नावे नाहीत. दान्तेचे पापी मात्र नावागावाचे आहेत, आणि त्यांतील कितीतरी त्याच्याच शहरातले!

म्हणूनच कोणी म्हणतात, की हा तर एका निर्वासिताने उगवलेला सूड. या आक्षेपाला आधार नाही असे नाही. काव्यातील प्रवास १३०० सालचा. त्या वेळी पोप बोनिफेस जिवंत होता. तरी धर्मपदे विकणाऱ्यांना जिथे खडकातील बिळांत उलटे गाडले आहे, तिथे त्याची जागा आधीच राखून ठेवलेली आहे. मात्र सारा नरक नीट पाहिला, तर हा आक्षेप टिकत नाही. ब्रुनेत्तो लातीनी या वडीलधाऱ्या विद्वानाला दान्ते गुरुस्थानी मानी. तोही अग्निवर्षावाखाली तापल्या वाळूवर धावतो आहे, आणि शिष्य मान लववून अत्यंत आदराने त्याच्याशी बोलतो आहे. दिरावरील प्रेमापायी पतीच्या हातून मारली गेलेली फ्रान्चेस्का वादळी वाऱ्यात भिरभिरते आहे. तिची कहाणी ऐकून दान्ते करुणेने मूर्च्छित पडतो, पण तिला तिथून सोडवीत नाही. पुढे ज्या ग्विदो नोव्हेल्लो याने त्याला राव्हेन्नात अखेरचा आसरा दिला, तो याच फ्रान्चेस्काचा भाचा!

शिक्षेची कल्पनाही पाहण्यासारखी आहे. दान्तेच्या नरकात शिक्षा बाहेरून लादलेली नाही. पापाचेच खरे रूप तिथे उघडे पडते. वासनेच्या वाऱ्यावर वाहवत गेले, ते वाऱ्यातच राहिले. ज्यांनी आयुष्यभर कोणतीच बाजू घेतली नाही, त्यांना नरकानेही आत घेतले नाही. ते नदीच्या अलीकडेच एका निशाणामागे धावत सुटले आहेत. लाचखोर उकळत्या डांबरात बुडाले आहेत. इथे दान्ते स्वतः भेदरलेला दिसतो, सैतान त्याच्या पाठीस लागतात. त्याच्यावर आरोप होता तो नेमका लाचखोरीचा, हे आठवले की या प्रसंगाला वेगळीच धार येते. आणि सर्वांत तळाशी आग नाही, बर्फ आहे! तिथे विश्वासघातकी गोठून पडले आहेत. ज्याने विश्वास टाकणाऱ्याचा घात केला, त्याच्या ठायी माणुसकीची ऊब उरली नाही, असा त्याचा अर्थ.

दान्तेने स्वतःला तरी कुठे वगळले? दुसऱ्या खंडात, पापक्षालनाच्या पर्वतावर, गर्विष्ठ लोक पाठीवर शिळा घेऊन वाकून चालतात. दान्तेही त्यांच्या बरोबरीने वाकून चालतो आणि मेल्यावर आपल्याला इथेच यायचे आहे, अशी कबुली देतो. ज्याला खोट्या न्यायाने होरपळले, त्याने असे न्यायासन उभारले की जिथे शत्रू, स्नेही, गुरू आणि खुद्द आपण यांच्यासाठी माप एकच.

या निष्ठेची परीक्षा १३१५ साली झाली. फ्लॉरेन्सने हद्दपारांना माफी देऊ केली. अट अशी, की थोडा दंड भरावा आणि ज्या देवालयात लहानपणी बाप्तिस्मा झाला, तिथेच अपराधी म्हणून सर्वांसमक्ष उभे राहावे. जन्मभूमीसाठी तळमळणाऱ्या दान्तेने ही अट धुडकावली. न केलेले पाप पदरी घेऊन घरी परतणे त्याला मान्य नव्हते. त्याच वर्षी त्याला मुलांसह पुन्हा मृत्युदंड फर्मावण्यात आला.

१३२१ च्या सप्टेंबरात, व्हेनिसची शिष्टाई आटोपून परतताना जडलेल्या तापाने राव्हेन्नात त्याचा अंत झाला. पुढे फ्लॉरेन्सला पश्चात्ताप झाला. १५१९ साली अस्थी मागवण्यात आल्या, कबर घडवण्यास स्वतः मायकेलँजेलो तयार होता; पण राव्हेन्नाच्या साधूंनी अस्थी लपवून ठेवल्या, त्या १८६५ साली सापडल्या. फ्लॉरेन्समध्ये उभारलेले त्याचे थडगे आजही रिकामे आहे. त्या काव्याचे एक जुने हस्तलिखित मात्र आपल्या मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहे. ते एल्फिन्स्टनसाहेबाने दिले. जाळण्याची ती शिक्षा रद्द करण्याचा ठराव फ्लॉरेन्सच्या नगरपालिकेने केला, तो २००८ साली. दान्तेच्या कबरीवरील दिव्यासाठी फ्लॉरेन्सहून दरवर्षी तेल येते. दिवा तेवतो आहे. पण तो तेवतो राव्हेन्नात.